टाकी चोख, तोटी कटकटीची: स्टीलच्या फर्मेंटरमध्ये कोंबुचा

आधी निकाल, मग तपशील. कोंबुचासाठी (साखर घालून आंबवलेला चहा) शंकूच्या बुडाचा 20 लिटरचा स्टील फर्मेंटर, म्हणजे आंबवण्याची टाकी, मी गेल्या पावसाळ्याच्या शेवटी घेतला. तेव्हापासून तो नेरुळच्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला तीन पायांवर उभा आहे. टाकीबद्दल काडीची तक्रार नाही. तक्रार आहे ती टाकीला जे जे लावून येतं त्याची: तोटी, वायसर, क्लॅम्प, थर्मामीटर. विकणारे फोटो टाकीचे टाकतात आणि गळतं मात्र तोटीतून, म्हणून हा अनुभव बराचसा त्या चिल्लर सामानाबद्दलच आहे.

ही भांडी मुळात बिअरसाठी बनतात. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, तेव्हा तो विषय इथे नाही. मी कोंबुचा करते. बिअरला हवा वर्ज्य, कोंबुचाला हवा हवीच. त्यामुळे सोबत आलेलं झाकण आणि त्यावरची एअरलॉकची नळी (आतला वायू बाहेर सोडते, हवा आत घेत नाही) माझ्याकडे खोक्यात पडून आहे. टाकीच्या तोंडाला दुहेरी मलमल आणि इलॅस्टिक. जाळीदार कापड लावू नका, चिलटं त्यातूनही आत जातात आणि आंबट वास त्यांना दोन खोल्यांपलीकडून कळतो.

"कोंबुचाला धातू चालत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम यांच्याबाबत ते अगदी खरं आहे. तयार कोंबुचाचा पीएच तीनच्या आसपास असतो आणि एवढ्या आंबटपणात हे धातू पाण्यात उतरतात. 304 ग्रेडच्या स्टीलला मात्र काही होत नाही. त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, आणि क्रोमियमचा जो पातळ थर हवेशी लागून पृष्ठभागावर तयार होतो तोच स्टीलला सांभाळतो. अडचण अशी की बाजारात 202 ग्रेडचा मालही 304 म्हणून खपतो. चुंबक लावून पाहण्याचा सल्ला सगळे देतात, पण त्याचा उपयोग नाही. चुंबक दोन्हींना धरत नाही. भंगारवाले वापरतात ती टेस्टची बाटली आणि 9 व्होल्टची बॅटरी खरी. थेंब टाकून बॅटरी टेकवली की 202 वर तो लालभडक होतो. मी बुडाच्या बाहेरच्या बाजूने ही चाचणी करून घेतली. टाकी पास झाली.

तोटी नापास झाली. वरून चकचकीत, हातात जड, वर्णनात "स्टेनलेस स्टील" छापलेलं. आट्यांवर कानशीने हलकासा ओरखडा काढला तर आतून पिवळं दिसलं. म्हणजे पितळ, वर क्रोमचा मुलामा. साध्या पाण्यासाठी ठीक आहे, पण आठवडाभर आंबट चहा आत साचून राहणार असेल तर नाही. विकणाऱ्याला फोटो पाठवला. "मॅडम, सगळ्यांना हीच देतो" एवढंच उत्तर आलं.

मग स्टीलची तोटी शोधायला तुर्भ्याला गेले, आणि या सगळ्या महिन्यांतली सगळ्यात उपयोगी गोष्ट तिथे कळली. नळाच्या आट्यांची दोन मापं असतात. आपल्याकडे चालतं ते बीएसपी. अमेरिकन पद्धतीच्या टाक्यांवर असतं ते एनपीटी. अर्ध्या इंचाच्या मापात दोन्हींना इंचामागे 14 आटेच असतात, पण आट्याचा कोन एकात 55 अंश, दुसऱ्यात 60. त्यामुळे आपला नळ त्या टाकीवर दोन-तीन फेरे व्यवस्थित चढतो, वाटतं बसला, आणि मग अडकतो. दुकानदाराने माझा जोड हातात घेतला, स्वतःकडचा एक नळ त्यावर फिरवून पाहिला आणि म्हणाला, "ताई, हे अमेरिकन आटे आहेत. आपला नळ बसेल, पण रडत राहील. टेफ्लॉन कितीही गुंडाळा." त्याने एका बाजूला एनपीटी आणि दुसऱ्या बाजूला बीएसपी असलेला स्टीलचा जोड काढून दिला आणि त्यावर 304 चा तीन भागांचा बॉल व्हॉल्व. पितळी तोटी आता बाल्कनीत कुंड्यांच्या पाण्याच्या ड्रमला लावली आहे. तिथे ती छान चालते.

तीन भागांचाच व्हॉल्व का, तर तो चार बोल्ट काढून पूर्ण उघडता येतो. बॉल व्हॉल्वमध्ये गोळा आणि बाहेरचं अंग यांच्या मधे एक पोकळी असते. व्हॉल्व बंद असताना तिथे चमचाभर द्रव अडकून राहतो. नुसतं गरम पाणी सोडून तो निघत नाही. मी दोन-तीन खेपांनंतर पहिल्यांदा उघडला तेव्हा आत चहाच्या रंगाचा बुळबुळीत थर होता, वास शिळ्या ताकाचा. आता प्रत्येक खेपेनंतर उघडते. दहा मिनिटांचं काम आहे, पण पाना हाताशी ठेवावा लागतो आणि बारीक बोल्ट सिंकच्या जाळीतून जाऊ नयेत म्हणून खाली ताट.

गळतीचं दुसरं ठिकाण म्हणजे तोटी टाकीच्या अंगाला जिथे जोडतात ते. टाकीचा पत्रा मिलिमीटरभराचा. बाहेरून तोटी धरून आवळत गेलं की सिलिकॉनचं वायसर पिळवटतं, एका कडेने बाहेर येतं आणि थेंब सुरू. बाहेरचा भाग स्थिर धरून आतली चकती हाताने फिरवायची, वायसर नीट बसलंय हे बोटाने चाचपायचं आणि शेवटचा पाव फेराच तेवढा पान्याने. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने पाच-सहा वेढे. उलट गुंडाळली तर आवळताना सुटत जाते. यानंतर टाकीत नुसतं पाणी भरून रात्रभर खाली वर्तमानपत्र पसरून ठेवते. सकाळी कागदावर एक डाग जरी दिसला तरी चहा उकळायला घ्यायचा नाही.

बुडाला क्लॅम्पचा जोड आहे, दीड इंची: दोन सपाट तोंडं, मधे गॅस्केट, बाहेरून कड्याने आवळायचं. तिथल्या गॅस्केटची एक गंमत. एक इंची आणि दीड इंची, दोन्ही क्लॅम्पच्या तोंडाचा बाहेरचा व्यास सारखाच, 50.5 मिमी. म्हणून एक इंची गॅस्केट दीड इंची जोडात बिनतक्रार बसतं, क्लॅम्पही लागतो, फक्त मधलं भोक लहान राहतं. माझ्या टाकीसोबत तेच आलं होतं. गळत नव्हतं, पण गाळ काढताना धार अडकायची आणि त्या कडेवर यीस्टची कडी साचायची. पावण्याच्या एमआयडीसीत गॅस्केटवाल्यांकडे फूड ग्रेड सिलिकॉनची योग्य मापाची मिळतात, चहाच्या दोन कपांच्या भावात. चार घेऊन ठेवा.

आता गंजाबद्दल. "स्टेनलेसला गंज?" असं आईने विचारलं, तेव्हा तिला थर्मामीटरच्या नळीचं वेल्डिंग दाखवलं. त्याच्या भोवती तांबूस ठिपके आले होते. वेल्डिंगच्या उष्णतेने क्रोमियमचा तो थर तिथे बिघडतो, आणि कारखान्यात नंतर अ‍ॅसिडने साफ केलं नसेल तर डाग तिथूनच सुरू होतात. उपाय घरात होतो. सायट्रिक अ‍ॅसिड, एका लिटरला 50 ग्रॅम, पाणी साठ अंशांच्या आसपास गरम, वेल्डिंग बुडेल इतकं भरायचं आणि अर्धा तास ठेवायचं. मग भरपूर पाण्याने धुऊन हवेवर वाळवायचं. ठिपके गेले आणि पुन्हा आले नाहीत. पण हे करण्याआधी घरातल्यांशी बोलून घ्या. आमच्या मावशी चांगल्या मनाने तारेची घासणी घेऊन टाकीत उतरणारच होत्या. लोखंडाच्या तारेचे कण स्टीलमध्ये रुततात आणि तेच पुढे गंजतात. ब्लीचिंगचं पाणीही नको, त्यातलं क्लोराइड स्टीलला भोकं पाडतं. मऊ स्पंज, धुण्याचा सोडा, गरम पाणी, शेवटी व्हिनेगरचा हात. मावशींचं म्हणणं, "मग हे भांडं तुम्हीच धुवा." तेव्हापासून मीच धुते.

मिठातही क्लोराइडच असतं, म्हणून तेही टाकीत जाऊ देत नाही. कोकम घालून केलेला कोंबुचा आमच्याकडे सगळ्यात आवडीचा, पण बाजारात मिळणाऱ्या आगळात मीठ असतं. आंबट आणि खारट एकत्र आले की 304 ही हात टेकतं. आगळ थेट बाटलीत घालते, टाकीत नाही. आई कैऱ्या घेऊन आली आणि एवढ्या मोठ्या भांड्यात यंदा लोणचं मुरवू म्हणाली, तिलाही हेच सांगितलं. तिची चिनी मातीची बरणी त्या कामाला जास्त योग्य आहे. उलट कोंबुचा मात्र जुन्या बरणीत करू नये, काही जुन्या झिलईत शिसं असतं.

पाककृती थोडक्यात: लिटरला 6 ग्रॅम काळा चहा, 65 ग्रॅम साखर, आणि आधीच्या खेपेतला आंबट कोंबुचा 12 ते 15 टक्के. आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, उकळलं की त्यातल्या क्लोरीनचा त्रास राहत नाही. सुरुवातीचा पीएच साडेचारच्या खाली हवा, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये. दमट हवेत बुरशीला निमित्तच हवं असतं. स्कोबीखाली (वर तरंगणारा जिवाणू आणि यीस्टचा जाड, चिवट थर) लोंबणारे तपकिरी धागे यीस्टचे, त्यांना घाबरू नका. वरती कोरडी, केसाळ, हिरवी किंवा काळी टिकली दिसली तर सगळं ओतून द्यायचं. वरचं काढून खालचं वाचवायच्या भानगडीत पडू नये.

शंकूचं बूड कशासाठी पैसे देण्यासारखं आहे हे मला मे महिन्यात कळलं. कोंबुचा 24 ते 28 अंशांत खूश असतो. आमच्या घरात मे महिन्यात 32 असतं, आणि स्टील खोलीचं तापमान लगेच उचलतं. अशा गरमीत यीस्ट पुढे धावतं, चव उग्र आणि दारूकडे झुकणारी होते. काचेच्या बरणीत यावर काही करता येत नव्हतं. इथे तिसऱ्या-चौथ्या दिवशी खालचा व्हॉल्व क्षणभर उघडायचा, कपभर गढूळ, फिकट खाकी गाळ निघतो, मागून स्वच्छ धार येते, बंद. यीस्टचा जोर उतरतो, वरच्या स्कोबीला धक्काही लागत नाही. माठाला गुंडाळतात तसं ओलं सुती फडकंही टाकीला गुंडाळून पाहिलं. दोनेक अंशांचा फरक पडला, तोही पंखा लावल्यावर. पुण्यात किंवा नाशकात ही युक्ती जास्त चालेल, खाडीकाठच्या हवेत पाणी उडतच नाही.

या आकाराचा तोटाही आहे. टाकी उभट असल्याने लिटरमागे हवेशी लागणारा पृष्ठभाग कमी, म्हणून आंबटपणा रुंद बरणीपेक्षा सावकाश येतो. मी 13-14 लिटरच भरते. आत दिसत नाही, तेव्हा तोटीतून चमचाभर काढून चाखणं हाच मार्ग. थर्मामीटरची तबकडी तीन अंश जास्त दाखवत होती; बर्फाच्या पाण्यात धरून मागच्या स्क्रूने शून्यावर आणली.

फेस टाकीत आणायचा नाही. झाकण घट्ट लागतं म्हणून मोह होतो, पण ही टाकी दाबासाठी बनलेली नाही. दुसरं आंबवणं जाड काचेच्या क्लिपच्या बाटल्यांत करायचं आणि त्याच खेपेतली एक प्लॅस्टिकची सोड्याची बाटली शेजारी ठेवायची. ती दाबून दगडासारखी लागली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात हे दीड-दोन दिवसांत होतं. बाहेर जास्त दिवस राहिल्यास त्यात अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ शकतं. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना मी देत नाही.

टाकी दहा हजारांच्या आतबाहेर पडली, वर जोड, व्हॉल्व आणि गॅस्केटचे वेगळे. दोन माणसांच्या घरात आठवड्याला दोन बाटल्या लागत असतील तर पाच लिटरची काचेची बरणी पुरे, हा व्याप करू नका. आमच्याकडे माझा भाऊ ऐरोलीहून दर रविवारी रिकाम्या बाटल्या घेऊन येतो, शिवाय मजल्यावरची दोन घरं, म्हणून परवडतं. सध्या बुडाच्या बॉल व्हॉल्वच्या जागी दीड इंची बटरफ्लाय व्हॉल्व (गोळ्याऐवजी फिरणारी चकती असलेला) लावायचं मनात आहे, त्यात गाळ अडकायला पोकळी नसते आणि उघडून धुणंही सोपं. भाव विचारून आलेय. टाकीच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याइतका सांगितला, म्हणून दिवाळीपर्यंत थांबलेय.