गोळ्यांची २८ कप्प्यांची डबी, आठ महिने वापरून (आईच्या बीपीच्या गोळ्यांसाठी)

पाचपैकी साडेतीन स्टार. ऑनलाइन मागवली होती, ३४९ रुपये पडली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण दहा नावांनी हीच डबी विकतात.

आधी सांगते का घेतली. आई ७४ ची, बीपी निघून बारा-तेरा वर्षं झाली, गोळ्या तोंडपाठ आहेत, फक्त "मी सकाळची घेतली का गं?" हा प्रश्न रोजचा. मी बँकेत निघायच्या गडबडीत, मी म्हणणार घेतली असशील, ती म्हणणार बरं मग घेते अजून एक, काय होतंय. जानेवारीत एकदा खरंच दोनदा घेतली. दहाच्या सुमाराला देवापुढून उठताना भेलकांडली, शेजारच्या वहिनी फुलं द्यायला आल्या होत्या त्यांनी धरलं म्हणून वाचली, मशीनवर ९४/५६. डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले आडवं करा, पाय उशीवर ठेवा आणि घेऊनच या, मग संध्याकाळपर्यंत तिथे झोपवून ठेवलं. त्याच रात्री मी ही डबी मागवली.

तर डबी. सात दिवसांच्या सात पट्ट्या, प्रत्येक पट्टीला सकाळ दुपार संध्याकाळ रात्र असे चार कप्पे, आणि पट्टी वेगळी काढून पर्समध्ये टाकता येते. प्लॅस्टिक बरं आहे, दोनदा फरशीवर पडली तरी फुटली नाही. झाकणं मात्र कडक, आईचं संधिवाताचं बोट त्यावर चालत नाही, ती चमच्याच्या मागच्या टोकाने उघडते. आणि गंमत म्हणजे तेच झाकण माझ्या भाच्याने, वय वर्षं अडीच, दातांनी पाच सेकंदात उघडलं. लहान मुलाने बीपीची एखादी गोळी जरी गिळली तरी ते जिवावर बेतू शकतं, त्यामुळे पोरंबाळं असतील त्या घरात ही डबी टेबलावर नाही, वरच्या फळीवरच.

वार इंग्रजीत छापलेत, तेही नुसतं पहिलं अक्षर. एस एम टी डब्ल्यू टी एफ एस. आई म्हणाली, "दोन टी, दोन एस, यातला मंगळवार कुठला ते तुझ्या कंपनीला विचार." शेवटी मी कॅलेंडरमधले वार कापून सेलोटेपने चिकटवले.

पण ज्यासाठी घेतली ते काम शंभर टक्के झालं. झाकण उघडं म्हणजे घेतली, बंद म्हणजे राहिली, विषय संपला. परवा गुरुवारचा सकाळचा कप्पा मला दुपारी चारला भरलेला दिसला, तर लगेच दिली. डॉक्टरांनी तिच्यासाठी सांगून ठेवलंय की त्याच दिवशी आठवलं तर घ्यायची, दुसऱ्या दिवसाची वेळ होत आली असेल तर राहिलेली सोडून द्यायची, दोन एकदम कधीच नाही. तुमच्या औषधाचं तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, सगळ्यांचं सारखं नसतं.

आता दीड स्टार कुठे कापला ते. आम्ही चिपळूणचे. इथे जुलैत पापड काढला की पाच मिनिटांत मऊ होतो, कपाटातल्या चपलेला बुरशी येते. दर रविवारी मी हौसेने आठवड्याच्या सगळ्या गोळ्या पाकिटातून फोडून कप्प्यांत भरायची. एका शुक्रवारी आई म्हणाली ही गोळी बघ कशी झालीय. सकाळची टेल्मिसार्टन ४०, पांढरी, फुगून साबुदाण्यासारखी झालेली, चिमटीत धरली तर पीठ. मेडिकलवाल्या काकांकडे नेली, ते कपाळाला हात लावून म्हणाले, "ताई, ही हवेतली ओल ओढते, पाकिटातून खायच्या वेळीच काढायची, आतल्या कागदावर लिहिलेलं असतं." मी तो कागद जन्मात कधी वाचला नव्हता. म्हणजे त्याआधी किती दिवस आई ओल लागलेली गोळी घेत होती देव जाणे. तेव्हा रात्रीची ॲम्लोडिपिन असायची तिला उजेडही चालत नाही, आणि आमची पारदर्शक डबी खिडकीत.

उपाय काकांनीच सांगितला. गोळी फोडायची नाही, कात्रीने पाकिटाचा तेवढा चौकोन कापून चौकोनासकट कप्प्यात टाकायचा. कप्पे लहान आहेत, मोठ्या गोळीचा चौकोन तिरका घालावा लागतो नाहीतर झाकण बसत नाही. कोपरे टोचतात म्हणून मी ते गोल कापते, आणि चौकोनासकट गिळू नको हे आईला चार वेळा सांगितलं, ती चिडली, पण अशी माणसं खरंच असतात म्हणे. कापताना एक्सपायरी आणि नाव असलेलं टोक शेवटपर्यंत राखायचं. थायरॉईडची गोळी बाटलीतलीच, ती डबीत भरतच नाही.

दुसरा घोळ माझाच, डबीचा नाही. ऑगस्टमध्ये बीपी १६० च्या खाली येईना म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलली, सकाळी टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकत्र असलेली एकच, रात्रीची बंद. मी सकाळचे कप्पे नवीन गोळीने भरले आणि रात्रीचे तसेच राहिले, वर पुढच्या रविवारी सवयीने जुन्या पाकिटातून परत भरले. म्हणजे ॲम्लोडिपिन रोज दुप्पट. दहा दिवसांत आईचे घोटे सुजले, मोज्याची रेघ उमटायला लागली, आम्ही म्हणतोय पावसामुळे चालणं नाही म्हणून असेल. चिठ्ठी आणि डबी शेजारी ठेवून मोजल्यावर ट्यूब पेटली. डॉक्टर ओरडले, ओरडायलाच पाहिजे होतं. डबी एवढंच सांगते की घेतली का नाही, बरोबर घेतली का ते तिला काय कळणार! आता चिठ्ठी बदलली की आधी सगळी डबी टेबलावर उलटी करते आणि बंद झालेलं पाकीट घरात ठेवत नाही.

आणि ते दुपारचे सात रिकामे कप्पे. रिकामी जागा दिसली की आई भरणारच. एकदा उघडले तर आत वेलची, सेफ्टी पिन आणि गुडघेदुखीच्या गोळ्या, कुणीतरी भजनाला दिलेल्या. त्या पेनकिलरने बीपी चढतं आणि या औषधांबरोबर किडनीवरही ताण येतो असं डॉक्टरांनी सांगितलंय, तरी "एखादीने काय होतंय" चालूच. दुपारच्या कप्प्यांवर आता चिकटपट्टी मारली आहे.

प्रवासाला पट्टी सुटी होते ते मात्र छान. गणपतीत गावी गेलो तेव्हा चार दिवसांच्या पट्ट्या नेल्या. तिथे आईला जुलाब लागले, गावातल्या डॉक्टरांनी विचारलं बीपीचं काय चालू आहे, तर नशीब चौकोनावर अर्धं नाव वाचता आलं आणि मोबाईलमध्ये चिठ्ठीचा फोटो होता. त्यांनी आमच्या डॉक्टरांना फोन लावून जुलाब थांबेपर्यंत ती गोळी थांबवली, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती किडनीला त्रास देऊ शकते म्हणाले. पूर्वीसारख्या सुट्या गोळ्या असत्या तर "पांढरी, गोल" एवढंच सांगता आलं असतं.

घ्यावी का? घरात दोन-तीन वेळच्या गोळ्या असतील आणि दर आठवड्याला भरून देणारं कुणी असेल तर घ्या, कप्पा जरा मोठा बघून घ्या. नणंदेने पण लिंक मागितली होती, तिला सकाळची एकच गोळी आहे, तिला सांगितलं सात कप्प्यांची साधी घे, उरलेल्या एकवीस कप्प्यांत तूही वेलचीच भरशील.