लकव्यानंतर गेलेल्या वाचेसाठी संगीतोपचार : सोलापुरातला आमचा अनुभव

लकव्यानंतर घरातल्या माणसाची वाचा गेली असेल, तर हे तुमच्यासाठी. माझ्या वडिलांना, अप्पांना, गेल्या उन्हाळ्यात झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणं बंद झालं. बोललेलं सगळं कळायचं, पण तोंडातून नुसतं ‘हां, हां’. आपलं म्हणणं पोचत नाही म्हणून चिडायचे, ताट सरकवून द्यायचे. पावसाळ्यात संगीतोपचार सुरू केला, तो अजून चालू आहे.

हा मार्ग आमच्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनीच सुचवला. अप्पांचा जन्म सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर गेला आणि एकादशीचं भजन त्यांनी कधी चुकवलं नाही. आईनं अभंगाची चाल धरली की अप्पा पुढची ओळ शब्दांसकट म्हणायचे. पाणी मागता येईना, पण अभंग येतोय! आम्हाला वाटलं, वाचा परत आली. मॅडमनी लगेच समजावलं की बहुतेकांचं बोलण्याचं केंद्र मेंदूच्या डाव्या बाजूला असतं आणि अप्पांची इजा तिथेच आहे. गाताना उजवी बाजूही कामाला लागते, त्यामुळे पाठ असलेलं गाणं टिकतं. पण अभंग म्हणता आला म्हणजे बोलता आलं, असं होत नाही. त्या सुरातून रोजच्या वाक्यापर्यंत माणसाला आणावं लागतं, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

या पद्धतीला मेलोडिक इंटोनेशन थेरपी म्हणतात. अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या बॉस्टनच्या तिघा संशोधकांनी १९७३ मध्ये ती मांडली. अमेरिकेच्या तेव्हाच्या खासदार गॅबी गिफर्ड्स यांना २०११ मध्ये डोक्यात गोळी लागून वाचा गेली होती, त्यांच्या उपचारातही गाण्याचा मोठा वाटा होता.

आमच्याकडे पहिलं वाक्य होतं ‘पाणी दे’. मॅडम समोर बसतात, अप्पांचा डावा हात हातात घेऊन प्रत्येक अक्षराला टेबलावर थाप देतात. ‘पा’ वरच्या सुरात, ‘णी’ खाली, ‘दे’ पुन्हा वर आणि लांबवून. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून म्हणायचं, मग मॅडम मध्येच थांबतात आणि उरलेलं अप्पांनी पुरं करायचं. शेवटी ‘काय पाहिजे?’ असा प्रश्न, आणि उत्तर त्यांचं त्यांनी द्यायचं. हळूहळू सूर कमी करत साध्या बोलण्यावर यायचं. बरेच दिवस गाडी ‘पाणी’वरच अडकून राहायची. नंतर एका रात्री आईनं पानात भाकरी वाढली, तर अप्पा मांडीवर थाप देत म्हणाले, ‘भाकरी नको, भात दे.’ आईनं त्या वेळी कुकर लावला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

आज त्यांच्याकडे रोजच्या गरजेची बरीच वाक्यं आहेत. न शिकवलेलं वाक्य मात्र क्वचितच येतं, नातवंडांची नावं एकमेकांत मिसळतात, दमले की सगळं अडखळतं. हात या उपचाराने सुधारला नाही, तेही सांगते.

चालण्याला मात्र ठेक्याचा छान उपयोग झाला. ही वेगळी पद्धत, मायकेल थाउट या संशोधकांनी विकसित केलेली. रुग्णाची चाल आहे तेवढ्याच वेगावर मेट्रोनोम, म्हणजे एकसारखा टिकटिक ठेका देणारं यंत्र, लावायचा आणि पाऊल जमलं की वेग थोडा-थोडा वाढवायचा. व्हरांड्याच्या शहाबादी फरशीवर मोबाइलचा मेट्रोनोम लावून, फिजिओथेरपिस्ट जवळ असतानाच आम्ही हे सुरू केलं. शेजारच्या मागाचा आवाज त्यांच्या ओळखीचा, पण तो ठेका फार जलद, त्यावर पाऊल पडणं शक्य नव्हतं. उजवा पाय अजून ओढतो, पण दोन्ही पावलांमधला वेळ बराच सारखा झालाय.

याच काळात एका ठिकाणी आम्हाला रागांचा पेनड्राइव्ह विकायचा प्रयत्न झाला. साखरेला हा राग, लकव्याला तो, नुसतं ऐकत पडा! मला संताप आला. संगीत ऐकून अप्पांना शांत वाटतं, झोपही बरी लागते, पण वाचा आणि चाल सुधारली ती रोज सकाळ-संध्याकाळ आईनं त्यांच्याकडून सराव करून घेतला म्हणून. घरी कुणी बसणारं नसेल तर फीचे पैसे वाया जातील, हे मनापासून सांगते.

ज्यांना समोरच्याचं बोलणं बऱ्यापैकी कळतं पण स्वतःला बोलता येत नाही, त्यांनाच ही पद्धत जास्त लागू पडते. तेव्हा आधी तपासणी करून घ्या. स्पीच थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते विचारा. नुसतं गाणं शिकवणाऱ्यांवर हे काम सोपवू नका. आणि वाक्यं घरच्या भाषेतली घ्या. आपल्या गावात कितीतरी घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात. आमच्या ओळखीच्या एका आजींना मराठी वाक्यं जमेनात, सुनेनं तेलुगू वाक्यं बसवून दिल्यावर त्या बोलायला लागल्या.

आमच्याकडे एका बैठकीचे ५०० रुपये होतात. आता उन्हामुळे आम्ही सकाळी सातलाच बसतो, दुपारी अप्पांकडून काही होत नाही. वाचा कायमची गेली असेल तर प्रमाणपत्रासाठीही अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा आणि भाषेचं अपंगत्व येतं, लकव्यानंतरचं सुद्धा. बऱ्याच घरांत फक्त हातापायाचं प्रमाणपत्र काढतात आणि वाचेचं राहून जातं.