सिट्रीन खरा होता, त्याची माहिती खोटी होती

सिट्रीन हा पिवळा रत्नखडा घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. त्यातही संग्रहासाठी 'न तापवलेला' खडा शोधणाऱ्यांनी जरूर वाचावं. एकाच विक्रेत्याने माझ्या गळ्यात तीन वस्तू मारल्या: पैलू पाडलेला एक मोठा खडा, स्फटिकांचा एक गुच्छ आणि एक पेंडंट. तिन्हींबद्दल त्याने सांगितलेलं खोटं निघालं, आणि प्रत्येक वेळी फसवण्याची तऱ्हा वेगळी होती. काच किंवा प्लास्टिक यांत कुठेच नव्हतं. तिन्ही खडे अस्सल क्वार्ट्झ आहेत, जमिनीत तयार झालेले आहेत. म्हणून तर ही फसवणूक पटकन ध्यानात येत नाही.

गारगोटी, जांभळा अ‍ॅमेथिस्ट, धुरकट क्वार्ट्झ आणि सुनेला या नावानेही विकला जाणारा पिवळा सिट्रीन, ही सगळी एकाच खनिजाची रूपं. निसर्गात अ‍ॅमेथिस्ट भरपूर मिळतो, पिवळा सिट्रीन त्या मानाने फार थोडा. पण अ‍ॅमेथिस्ट भट्टीत साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातल्या लोहामुळे जांभळा रंग जाऊन पिवळा, नारिंगी किंवा लालसर तपकिरी रंग येतो. बाजारात मिळणारा बहुतेक सिट्रीन असाच तयार होतो, आणि त्यात गैर काहीच नाही. रंग टिकतो, खडा (१ ते १० च्या मोह्स मापावर) ७ काठिण्याचा असल्यामुळे रोजच्या वापरालाही चालतो. माझ्या बोटातली अंगठी तापवलेल्या सिट्रीनचीच आहे आणि ती मला मनापासून आवडते, कारण देणाऱ्याने 'हा तापवलेला आहे' असं स्वच्छ सांगून दिली होती. माझं भांडण भट्टीशी नाही, भट्टी लपवणाऱ्याशी आहे.

पैलू पाडलेला खडा 'काँगोमधला, संपूर्ण नैसर्गिक, कोणतीही प्रक्रिया न केलेला' म्हणून मिळाला. सोबत प्लास्टिकचं चकचकीत कार्ड होतं. त्यावर वजन, मापं, खड्याचा फोटो, 'वर्ग: नैसर्गिक क्वार्ट्झ' आणि 'प्रकार: सिट्रीन' एवढं छापलेलं. विक्रेत्याने मला 'नैसर्गिक' या शब्दावर बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाला, प्रमाणपत्रच सांगतंय, आणखी काय हवं?

सगळ्यात मोठा सापळा या कार्डातच आहे. तपासणीच्या कागदावर 'नैसर्गिक' असतं त्याचा अर्थ एवढाच, की हा खडा कारखान्यात वाढवलेला नाही. त्याचा रंग जमिनीत आला की भट्टीत, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. तापवलेला अ‍ॅमेथिस्टही त्या अर्थाने नैसर्गिक क्वार्ट्झच. कार्डावर प्रक्रियेचा रकानाच नव्हता. रकाना नाही म्हणजे प्रक्रिया नाही, असा अर्थ विक्रेत्याने तोंडी जोडून दिला आणि त्या जोडलेल्या अर्थाची वेगळी किंमत लावली. कार्डावरचा क्यूआर कोड उघडला तर त्याच विक्रेत्याचं पान निघालं, त्यावर तोच फोटो आणि तीच मापं. स्वतंत्र प्रयोगशाळेचा त्या कार्डाशी काहीही संबंध नव्हता.

सिट्रीन तापवलेला आहे की नाही, हे नेहमीच्या रत्नपरीक्षेत पुष्कळ वेळा ठामपणे सांगताच येत नाही. माणिक-नीलमच्या बाबतीत आत अडकलेल्या सूक्ष्म कणांवर उष्णतेच्या खुणा दिसतात, त्या वाचता येतात. क्वार्ट्झ मुळातच कमी तापमानाला रंग बदलतो, त्यामुळे अशा खुणा बहुधा राहत नाहीत. म्हणून छातीठोकपणे 'न तापवलेला' असं छापलेलं स्वस्तातलं कार्ड दिसलं की मला तर जास्तच शंका येते.

तरी काही धागे हाती लागतात. मी खडा एका अनुभवी रत्नपारख्याकडे नेला. त्यांनी तो पोलॅरिस्कोपमध्ये, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या दोन काचांच्या मधे, धरून सावकाश फिरवला आणि मला बघायला सांगितलं. आत गडद-उजळ पट्टे एकमेकांना चिकटून उभे होते, कोनात मोडलेले. ही ब्राझील प्रकारची जुळी वाढ, म्हणजे डाव्या आणि उजव्या रचनेचे स्फटिक एकाच खड्यात गुंतून वाढलेले. अ‍ॅमेथिस्टमध्ये ती जवळजवळ नेहमी असते, आणि तापवल्यावर जांभळा रंग गेला तरी हे पट्टे जात नाहीत. मग त्यांनी डायक्रोस्कोप लावला, म्हणजे खड्याच्या रंगाच्या दोन छटा शेजारी शेजारी दाखवणारं छोटं उपकरण. खाणीतूनच पिवळा आलेला सिट्रीन वेगवेगळ्या दिशांनी पाहिला तर पिवळ्याच्या दोन किंचित वेगळ्या छटा दाखवतो. तापवलेल्या अ‍ॅमेथिस्टमध्ये हा फरक सहसा सापडत नाही. माझ्या खड्यात दोन्ही बाजूंना रंग अगदी एकसारखा. शिवाय रंगाची तांबूस झाक. निसर्गात पिवळा झालेला सिट्रीन बहुतेक वेळा फिका पिवळा, मधाळ किंवा धुरकट छटेचा असतो. लालसर नारिंगी रंग क्वचितच. विक्रेत्याने मात्र मला नेमकं उलटं सांगितलं होतं: रंग जितका गडद तितका खडा अस्सल.

यातला कुठलाही एक धागा एकटा पुरावा होत नाही. पट्टे दिसले नाहीत म्हणून खडा खाणीतलाच असंही नाही, कारण कारखान्यात वाढवलेल्या पिवळ्या क्वार्ट्झमध्येही ते बहुधा नसतात. पण तीन धागे एकाच दिशेला जात असतील तर 'काँगोमधला, न तापवलेला' या दाव्याला आधार उरत नाही.

गुच्छाची गोष्ट याहून सोपी आहे, आणि ती घरबसल्या ओळखता येते. ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुलमध्ये आणि शेजारच्या उरुग्वेत बेसॉल्टच्या पोकळ्यांत अ‍ॅमेथिस्टचे जिओड, म्हणजे आतून स्फटिकांनी मढलेले पोकळ दगड, सापडतात. हलक्या प्रतीचा माल सरसकट भट्टीत जातो आणि 'सिट्रीन जिओड', 'सिट्रीन क्लस्टर' म्हणून बाहेर येतो. माझा गुच्छ भिंगाखाली पाहिला तर स्फटिक बुटके, नुसती टोकंच वर आलेली. टोकांशी भाजल्यासारखा तांबूस नारिंगी रंग, आणि खाली उतरावं तसा तो विरत जाऊन बुडाशी दुधी, अपारदर्शक पांढरा थर. नखाने हलकेच दाबलं तर त्या पांढऱ्या भागाचा भुगा बोटाला लागला. न तापवलेला सिट्रीन असा क्वचितच दिसतो. तो सहसा लांबट, सुटे स्फटिक घेऊन येतो, आणि त्याचा रंग टोकाशी न साठता सगळ्या स्फटिकात पसरलेला असतो. कधीकधी आत धुराची सावली असते. असा एक चांगला स्फटिक हातात घेऊन बघा, मग भाजलेला गुच्छ समोर आला की सांगायला कुणी लागत नाही. विक्रेत्याने मला पाठवलेल्या व्हिडिओत गुच्छावर पिवळा दिवा होता आणि बूड काळ्या मखमलीत रोवलेलं होतं. दिवसाच्या उजेडातला फोटो मागितला तेव्हा 'कॅमेऱ्यात खरा रंग येत नाही' असं उत्तर आलं.

रंग घातलेला क्वार्ट्झही या नावाने विकला जातो. त्याच्या बारीक भेगांत रंग जास्त साठलेला दिसतो, बाकीचा खडा फिका. माझ्याकडे तसं काही आलं नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

पेंडंट 'मदेरा टोपाझ' या नावाने मिळालं. 'गोल्ड टोपाझ', 'बाहिया टोपाझ', 'स्मोकी टोपाझ' अशी नावं दिसली तर तिथेच थांबा. ही क्वार्ट्झला चिकटवलेली जुनी बाजारू नावं आहेत. टोपाझ हे वेगळंच खनिज, त्या खड्यात त्याचा अंशही नसतो. गोंधळाला आणखी एक कारण आहे: नोव्हेंबरचं जन्मरत्न म्हणून अमेरिकेतल्या १९१२ च्या यादीत टोपाझ होता, १९५२ मध्ये तिथेच सिट्रीनलाही जागा मिळाली. एका महिन्याचे दोन पिवळे खडे, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा खपवणं सोपं जातं.

खडा टोपाझ आहे की क्वार्ट्झ, हे मात्र घरच्या घरी पक्कं करता येतं, फक्त ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा हवा. खडा कोंदणातून सोडवून घेतला. कोरडा ३.१८ ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य केला आणि बारीक दोऱ्याला बांधलेला खडा पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला लागणार नाही असा धरला. खड्याला हवेचे बुडबुडे चिकटतात, ते ओल्या ब्रशने काढावे लागतात, नाहीतर आकडा चुकतो. काट्यावर १.२० आलं, म्हणजे खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. ३.१८ ला १.२० ने भागलं की २.६५, म्हणजे क्वार्ट्झची घनता, अगदी बरोबर. टोपाझची साधारण ३.५ असते, तो असता तर काट्यावर ०.९१ च्या आसपास दिसायला हवं होतं. खडा ओरखडायची गरज नाही, आणि कृपा करून तसं करूही नका. काठिण्य तपासण्याच्या नादात चांगल्या खड्यांचे पैलू खराब झालेले मी पाहिले आहेत.

सगळं फोटोंसह विक्रेत्याला लिहून कळवलं. आधी उत्तर आलं, 'नैसर्गिक म्हणजे नैसर्गिकच.' मग, 'आम्हाला वरून जसं आलं तसं दिलं.' मी प्रक्रियेबद्दलचा साधा प्रश्न विचारला: तापवलेला आहे, हो की नाही? तर परत करण्याची मुदत संपल्याचं कळवलं. पेंडंटबद्दल म्हणाला, 'हे बाजारातलं प्रचलित नाव आहे.' त्यानंतर उत्तरं बंद झाली. पैसे मिळाले नाहीत. मला सगळ्यात जास्त राग आला तो याचा, की तोच खडा 'तापवलेला सिट्रीन' म्हणून दिला असता तर मी आनंदाने घेतला असता. रंग देखणा आहे, घडणावळही चांगली आहे. खोटं बोलण्याची काही गरज नव्हती.

तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: खनिजाचं नाव, प्रक्रिया केलेली आहे की नाही, आणि परत घेण्याची अट. 'प्रक्रिया माहीत नाही' असं कुणी लिहून दिलं तर तो माणूस निदान प्रामाणिक आहे. अशा वेळी तापवलेला समजून तेवढीच किंमत द्या. 'न तापवलेला' असा दावा असेल तर तो कशाच्या आधारावर, हे विचारा. खाणीपासून माल कसा आला हे सांगू शकणारे थोडेच असतात, पण असतात. मोठी खरेदी असेल तर खडा जीआयएसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेकडे स्वतः पाठवा. निदान तो कारखान्यातला नाही हे तरी तिथे कळतं.

आणि आधीच घेतलेला खडा कुणा पारख्याकडे नेणार असाल तर विक्रेत्याने दिलेलं कार्ड पहिल्यांदा दाखवू नका. खडा तेवढा पुढे ठेवा, काय दिसतं ते विचारा, त्यांचं बोलणं लिहून घ्या, आणि मग कार्ड काढून दोन्ही शेजारी ठेवा.