टीएसएसओपी अ‍ॅडॉप्टर बोर्ड: नऊ महिने वापरल्यानंतर

बारीक पिनांची चिप ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जुळवायच्या भोकांच्या पाटीवर) बसवायला गेल्या दिवाळीत घेतलेल्या पंचवीस बोर्डांपैकी चारच उरलेत, तेव्हा आता मत द्यायला हरकत नाही. विहिरीवरची मोटार कोरडी चालली की तिचा करंट उतरतो. तो ओळखून मोटार बंद करणारं सर्किट मी इथे कोल्हापुरात घरीच जुळवतोय. त्यातली एसटीएम८एस००३ ही मायक्रोकंट्रोलर चिप टीएसएसओपी-२० मध्ये, म्हणजे वीस बारीक पिनांच्या चपट्या पॅकेजमध्ये येते. तिच्या पिनांमधलं अंतर ०.६५ मि.मी., ब्रेडबोर्डच्या भोकांमधलं २.५४. मध्ये हा हिरवा बोर्ड लागतोच.

हात स्थिर हवा असं सगळे सांगतात. माझा अनुभव म्हणजे हातापेक्षा फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) महत्त्वाचा. आधी एका कोपऱ्याची पिन टाचायची, भिंगातून रांग बघायची, मग तिरक्या समोरची टाचायची. नंतर भरपूर फ्लक्स लावून बिट (सोल्डरिंग आयर्नचं टोक) रांगेवरून सावकाश ओढलं की सोल्डर ज्याच्या त्याच्या पिनेवर बसतं. पहिले तीन बोर्ड मी फ्लक्स वाचवायच्या नादात घालवले. चिकटलेल्या पिना सोडवायला पुन्हा पुन्हा तापवलं आणि तांब्याचे पॅडच उचलले गेले. उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या मित्राने पितळेची टोकदार, जड दांडी करून दिली. ती पाठीवर टेकवली की चिप तसूभर हलत नाही. त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे.

या बोर्डांची खरी अडचण वायरींच्या लांबीची आहे. रिले सुटला की चिप रीसेट व्हायची. दोन रात्री मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधली, ती तिथे नव्हतीच. ८ नंबरच्या व्हीकॅप (चिपच्या आतल्या रेग्युलेटरच्या) पिनला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी खेटून लागतो, माझा लांब ब्रेडबोर्डवर होता. ७ नंबर, म्हणजे ग्राउंड, शेजारीच आहे. बोर्डाच्या खालून त्या दोन भोकांवर १२०६ आकाराचा कपॅसिटर आडवा नेमका बसतो. ७ आणि ९ (पुरवठ्याची पिन) मध्ये १०० नॅनोफॅरड लावला. तेव्हापासून एकदाही रीसेट नाही.

दुसऱ्या बाजूच्या १.२७ मि.मी. पॅडांवर मी एलएम३५८ ही ऑप-अ‍ॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप लावली. उन्हाळाभर उत्तम चालली. आषाढात झड लागली आणि मोटार बंद असतानाही करंटचा आकडा शून्यावर येईना. तिथे १ मेगाओमचा रेझिस्टर आहे. उरलेल्या फ्लक्सने ओल धरली आणि ५ व्होल्टच्या पिनेकडून गळती सुरू झाली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन घासलं, वाळवलं, आकडा जागेवर आला. आपल्याकडच्या पावसात ही धुलाई टाळू नका.

व्होल्टेज वाढवणारी एमटी३६०८ चिप मात्र या बोर्डांवर लावू नये. रिलेसाठी ५ चे १२ व्होल्ट करायला घेतली होती. ती १.२ मेगाहर्ट्झवर चालते, लांब वायरी तिला सोसत नाहीत; गरम झाली, व्होल्टेजही डळमळलं. शेवटी कॉपर क्लॅडचा (तांब्याचा थर असलेल्या कोऱ्या बोर्डाचा) तुकडा कटरने खाचून इंडक्टर, डायोड, कपॅसिटर सगळं तिला चिकटून लावलं. आता १२ व्होल्ट स्थिर मिळतात.