विज्ञानाचा इतिहास की एसटीएस, भारतात की परदेशात? पीएचडीला बसण्याआधीची तुलना

भारतातल्या प्राध्यापक भरतीच्या जाहिराती चाळल्या तर 'विज्ञानाचा इतिहास' किंवा 'एसटीएस', म्हणजे विज्ञान आणि तंत्रज्ञानाचा सामाजिक अभ्यास, असा विषय क्वचितच सापडतो. जागा निघतात त्या इतिहासाच्या, समाजशास्त्राच्या, तत्त्वज्ञानाच्या, नाहीतर आयआयटी-आयसरमधल्या मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे विभागाच्या. म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगतो: विद्यापीठाचं नाव नंतर बघा, पाच-सहा वर्षांनी आपण कोणत्या विषयाच्या जागेसाठी अर्ज करणार आहोत, ते आधी ठरवा. खालची सगळी तुलना या एका प्रश्नाच्या अंगाने केली आहे.

प्लेग एक, अभ्यासक दोन

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला. २०२० मध्ये करोना आला, तेव्हा राज्यांनी पुन्हा हाच कायदा लागू केला.

विज्ञानाचा इतिहासकार या प्रकरणात पुराभिलेखागारातून शिरतो. सरकारी पत्रव्यवहार, नगरपालिकेचे अहवाल, त्या काळातली मराठी-गुजराती वर्तमानपत्रं, इस्पितळांच्या नोंदी हे त्याचं साहित्य. एसटीएसवाला आजच्या लशीच्या प्रयोगशाळेत किंवा आरोग्य केंद्रात महिनोन्‌महिने जाऊन बसतो. कोणता पुरावा ग्राह्य धरला गेला, कोणता बाजूला पडला, चाचणीत कोणाची शरीरं आली आणि निर्णय कोणाच्या सहीने झाला, हे तो माणसांशी बोलून शोधतो.

दोघेही एकमेकांची पुस्तकं वाचतात, एकाच परिषदेत भेटतात. पण पोटापाण्याच्या दृष्टीने वाटा वेगळ्या होतात. इतिहासात प्रबंधाचं पुढे पुस्तक व्हावं अशी अपेक्षा असते. काम संथ चालतं, एकट्याने चालतं आणि भाषा याव्या लागतात. एसटीएसमध्ये शोधनिबंधांना, गटाने केलेल्या प्रकल्पांना जास्त वाव आहे. विद्यापीठाबाहेर पडायची वेळ आली तर आरोग्य, पर्यावरण, ऊर्जा, डेटा आणि एआयच्या धोरणांवर काम करणाऱ्या संस्थांमध्ये एसटीएसवाल्याला लवकर काम मिळतं. इतिहासकाराला संग्रहालयं, अभिलेखागारं आणि लेखन हे पर्याय राहतात. त्या जागा कमी आहेत, पण काम मनापासून करण्यासारखं असतं.

भारतात राहायचं ठरवलं तर

दिल्लीच्या जेएनयूत दोन केंद्रं आहेत आणि त्यांत गल्लत होऊ देऊ नका. झाकिर हुसेन शैक्षणिक अध्ययन केंद्रात विज्ञानाच्या इतिहासावर, विशेषतः वसाहतकाळातल्या विज्ञानावर, अनेक वर्षं भक्कम काम झालं आहे. दुसरं विज्ञान धोरण अध्ययन केंद्र. तिथला कल धोरण, नवोपक्रम आणि एसटीएसकडे. बेंगळुरूत १९८८ साली स्थापन झालेली एनआयएएस, म्हणजे राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था, आहे. दिल्लीत सीएसआयआरची निस्पर आहे. जुन्या निस्टॅड्स आणि निस्केअर २०२१ मध्ये एकत्र करून ती झाली, आणि तिचा भर धोरण व विज्ञानसंवादावर आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथली पीएचडी विज्ञान शिक्षणातली असते, पण शिकवण्याची आवड असलेल्याला विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान यांच्याशी जोडून विषय घेता येतो. शिवाय अनेक आयआयटींच्या मानव्यविद्या विभागांत एखाद-दुसरे मार्गदर्शक असतात. तिथे संस्था बघून नाही, माणूस बघून जायचं.

पैशांचं गणित असं. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,००० रुपये आणि घरभाडं. ती नसेल तर केंद्रीय विद्यापीठात महिना ८,००० रुपयांवर भागवावं लागतं, आणि दिल्लीत ते भागत नाही. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या पीएचडी अधिछात्रवृत्त्या आहेत. आपल्या प्रवर्गाची जाहिरात कधी येते यावर डोळा ठेवा.

आता या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. यूजीसीच्या नियमांनुसार महाविद्यालयात किंवा विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला संबंधित किंवा संलग्न विषयात ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी लागते, आणि सोबत नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नियमांप्रमाणे केलेली पीएचडी असेल तर नेटमधून सूट मिळते, पण पदव्युत्तर पदवीच्या विषयातून मिळत नाही. समजा कोणी भौतिकशास्त्रात एम.एससी. केलं आणि विज्ञानाच्या इतिहासात पीएचडी केली. इतिहास विभागाच्या छाननीत तो अडकतो, कारण एम.ए. इतिहासाचं नाही. भौतिकशास्त्र विभागात अडकतो, कारण पीएचडी भौतिकशास्त्राची नाही. हुशार माणसं या फटीत सापडून वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबतात, आणि हे त्यांना पीएचडीच्या आधी कोणी सांगितलेलं नसतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण उपाय साधा आहे: विज्ञानातून येणार असाल आणि भारतातच शिकवायचं असेल, तर आधी इतिहास किंवा समाजशास्त्रात एम.ए. करा, दूरशिक्षणाने का होईना, आणि त्या विषयात नेट किंवा महाराष्ट्र-गोव्याची सेट काढा. २०२२ पासून दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करता येतात, पण पीएचडीला ती सवलत लागू नाही. त्यामुळे हे आधीच उरकायला हवं.

आयआयटी आणि आयसर याबाबतीत बरेच मोकळे आहेत. तिथे पीएचडी, आधीच्या पदवीतला प्रथम वर्ग आणि प्रकाशनं पाहतात. मात्र तिथल्या प्रत्येक जागेवर परदेशातून पीएचडी, पोस्टडॉक करून आलेलेही अर्ज करतात.

नवीन उघडलेलं एक दार म्हणजे भारतीय ज्ञान प्रणाली. नव्या शैक्षणिक धोरणानंतर हे विषय अभ्यासक्रमात आले, २०२० मध्ये एआयसीटीईत, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेत, त्यासाठी विभाग झाला, नेटमध्येही आता हा स्वतंत्र विषय आहे. संस्कृत येत असेल आणि गणित किंवा ज्योतिष, म्हणजे जुनं खगोलशास्त्र, मुळातून वाचायची तयारी असेल, तर ही संधी खरी आहे. आयआयटी मुंबईत संस्कृत ग्रंथांतल्या गणित आणि ज्योतिषावर झालेलं काम पाहिलं की मूळ ग्रंथ, टीका आणि आकडेमोड यांना धरून राहिल्यावर किती भक्कम अभ्यास उभा राहतो ते दिसतं. संस्कृत न शिकता केवळ जागा निघताहेत म्हणून या दारातून शिरू नका; तो विषयावरही अन्याय आणि तुमच्यावरही.

बाहेर जायचं ठरवलं तर

अमेरिका, ब्रिटन आणि युरोप खंडातले देश यांना एका रांगेत बसवता येत नाही. तिन्हीकडे पीएचडी म्हणजे वेगवेगळी गोष्ट आहे.

अमेरिकेत पाच-सहा वर्षं लागतात. पहिली दोन वर्षं वर्गात बसायचं, मग परीक्षा, मग प्रबंध. चांगल्या विभागांत शुल्क माफ होतं आणि विद्यावेतन मिळतं. विज्ञान किंवा अभियांत्रिकीतून येणाऱ्याला ही रचना सर्वांत सोयीची, कारण इतिहास वाचायला तिथे शिकवतात. हार्वर्डचा विज्ञान-इतिहास विभाग, पेनसिल्व्हेनियाचा विज्ञानाचा इतिहास आणि समाजशास्त्र विभाग, एमआयटीचा इतिहास-मानवशास्त्र-एसटीएस कार्यक्रम आणि कॉर्नेलचा एसटीएस विभाग ही ओळखीची ठिकाणं. दुसरी बाजूही लक्षात घ्या: २०२५ पासून अनेक अमेरिकी विद्यापीठांनी मानव्यविद्यांतले पीएचडी प्रवेश कमी केले आहेत, आणि तिथली प्राध्यापकीची बाजारपेठ त्याच्या कितीतरी आधीपासून आक्रसलेली आहे.

ब्रिटनमध्ये एक वर्षाची मास्टर्स आणि मग तीन-चार वर्षांची पीएचडी. इथे वर्गात शिकणं जवळपास नाही, विषय डोक्यात पक्का करूनच जावं लागतं. केंब्रिजचा विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान विभाग, लंडनच्या यूसीएलचा एसटीएस विभाग आणि साठच्या दशकापासून वैज्ञानिक ज्ञानाच्या समाजशास्त्राचं घर असलेलं एडिंबरा. मुंबई इलाख्यावर काम करणाऱ्याला लंडनचं एक मोठं आकर्षण आहे: ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याची, कागदपत्रं. अडचण पैशांची. गेट्स केंब्रिज, कॉमनवेल्थ, फेलिक्स आणि मास्टर्ससाठी चेवनिंग या शिष्यवृत्त्यांना स्पर्धा प्रचंड आहे. आणि शिष्यवृत्तीशिवाय, कर्ज काढून, या विषयात परदेशी पीएचडी करू नये असं माझं ठाम मत आहे. अभियांत्रिकीत कर्ज फेडणारा पगार मिळतो. इथे परतल्यावर सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, तेही कायम जागा मिळाली तर.

जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुधा नोकरीच असते, करारावर आणि पगारावर. बर्लिनमध्ये १९९४ साली सुरू झालेली माक्स प्लांक विज्ञान-इतिहास संस्था या विषयातली जगातली एक अग्रगण्य जागा. ती स्वतः पदवी देत नाही, पदवी विद्यापीठाची घ्यावी लागते. एसटीएससाठी मास्ट्रिख्त आणि ट्वेंटे बघा. जर्मनीत पुढे एक भिंत लागते: करारावर किती वर्षं राहता येईल यावर कायद्याने मर्यादा आहे, आणि कायम जागा थोड्या आहेत.

सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी एक अट नीट वाचावी. २०२२ मध्ये आलेल्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय त्या शिष्यवृत्तीतून वगळले. ज्यांना शतकानुशतकं ज्ञानाबाहेर ठेवलं, त्यांच्याच मुलांना त्या ज्ञानाचा इतिहास परदेशात अभ्यासायला पैसे नाहीत, हे मला मान्य होत नाही. विषय मांडताना या अटीचा विचार करा, त्या वर्षीची सूचना पुन्हा तपासा, आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही सोबत बघा.

परत यायचं असेल तर परदेशी पीएचडीचा एक फायदा आहे. जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असलेल्या विद्यापीठाची पीएचडी यूजीसीच्या नियमांत पात्रता म्हणून धरली जाते. आणि परतल्यावर प्राध्यापकीच करायची असंही नाही. विज्ञान-इतिहासकार जान्हवी फाळके मुंबई विद्यापीठातून निघून लंडन, अटलांटा असं शिकल्या, लंडनच्या किंग्ज कॉलेजात शिकवलं, मग सायन्स गॅलरी बेंगळुरूच्या संस्थापक संचालक झाल्या. २०२३ चं मानव्यविद्यांचं इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळालं.

मराठी माणसाचं भांडवल

या क्षेत्रात आपल्याजवळ जे आहे त्याची किंमत आपल्यालाच कळत नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, आणि आजही या विषयाचा अभ्यासक तो टाळून पुढे जाऊ शकत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. १८२६ पासूनची कुलाबा वेधशाळा, बाळशास्त्री जांभेकरांचं शास्त्रविषयक लेखन, मराठी विज्ञान परिषदेची १९६६ पासूनची चळवळ: यांतल्या प्रत्येकात एकाहून अधिक प्रबंध दडलेले आहेत. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात बसून मोडी वाचू शकणारा विज्ञान-इतिहासकार मिळणं फार अवघड. गोव्यात तर १५६३ साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरचा ग्रंथ छापला गेला आणि १८४२ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली. पोर्तुगीज येणाऱ्या गोवेकराला लिस्बनपासून बर्लिनपर्यंत कोणीही आनंदाने आत घेईल.

म्हणून माझा सल्ला माणसागणिक बदलतो. मोडी किंवा पोर्तुगीज येत असेल, इतिहासात एम.ए. असेल, तर इतिहासच धरा. मुंबई-पुणे-पणजीच्या कागदांवर एखादा शोधनिबंध लिहा आणि तो हाती धरून ब्रिटन किंवा जर्मनीला अर्ज करा. विज्ञानाची पदवी असेल आणि भारतातच शिकवायचं असेल, तर एम.ए., नेट, मग जेएनयू किंवा आयआयटी. विज्ञानाची पदवी असेल आणि पुढे कुठेही जायची तयारी असेल, तर अमेरिका. आजच्या प्रयोगशाळा, दवाखाने, धरणं, अणुऊर्जा प्रकल्प यांच्याविषयी मनात प्रश्न असतील, तर एसटीएस, आणि शक्यतो नेदरलँड्समध्ये किंवा विज्ञान धोरण अध्ययन केंद्रात. घरची जबाबदारी असेल आणि महाराष्ट्र सोडता येत नसेल, तर होमी भाभा केंद्र आणि आयआयटी मुंबई या दोनच नावांभोवती तयारी करा; बाकीच्या यादीत वेळ घालवू नका.

अमेरिकेच्या अर्जांची मुदत बहुतेक डिसेंबरात असते, म्हणजे शिफारसपत्रं सप्टेंबरातच मागायला हवीत. कुठेही अर्ज करण्याआधी संभाव्य मार्गदर्शकाचे दोन लेख पूर्ण वाचा, आपला विषय दोन पानांत लिहा, आणि कोणत्या दफ्तरात किंवा कोणत्या गावात बसून काम करणार आहात ते त्यात नावानिशी सांगा.