कान दाखवायला गेलो, डॉक्टरांनी लघवीची टेस्ट लिहून दिली

आईचा डावा कान अडीच महिने बंद होता, कानात पाणी गेल्यासारखं वाटतं म्हणून दिवसभर बोट दाबून बसायची, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनात म्हणून भात दोनदा लागला. आधीच्या ठिकाणी अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, पडद्यामागे पाणी साचलंय म्हणाले आणि शेवटी पडद्यात नळी टाकायची तारीख पण दिली. तेवढ्यात मावसबहिणीने या क्लिनिकचं नाव सुचवलं.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी पाऊण तास दिला. ट्यूनिंग फोर्क (वाजवला की घुमणारा धातूचा काटा) कपाळावर ठेवला तर आई म्हणाली बंद कानातच जास्त वाजतंय, म्हणजे नस शाबूत आहे, अडथळा मधल्या कानात आहे असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, "मावशी, नाकातून खपल्या निघतात का?" आईने पर्समधला रुमाल काढून दाखवला, त्यावर रक्ताच्या सुकलेल्या खपल्या. आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं!! सांधे दुखतात का, वजन उतरलंय का, लघवीला फेस येतो का, सगळं विचारलं आणि लघवी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), एएनसीए (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलीय का हे बघायची रक्ततपासणी) आणि छातीचा सीटी लिहून दिला.

लघवीत रक्तपेशी निघाल्या, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं, एएनसीएमधला पीआर३ हा प्रकार पॉझिटिव्ह. आजाराचं नाव जीपीए, आधी याला वेगनर म्हणायचे. शरीराची प्रतिकारशक्तीच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते, तिथे सूज येते, कान-नाकापासून सुरू होऊन फुफ्फुस आणि किडनीपर्यंत जाऊ शकते. किडनीला तर दुखत पण नाही, त्यामुळे कळतच नाही. डॉक्टरांनी हे पण स्पष्ट सांगितलं की एएनसीए निगेटिव्ह आली असती तरी त्यांनी शंका सोडली नसती.

त्यांनी स्वतः फोन करून ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची (सांधे आणि अशा प्रतिकारशक्तीच्या आजारांचे डॉक्टर) त्याच आठवड्याची अपॉइंटमेंट मिळवून दिली. किडनीची बायोप्सी झाली, स्टेरॉइड आणि रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध सुरू झालं. महिन्याभरात कान बऱ्यापैकी मोकळा झाला, पूर्ण नाही, पण आता आई फोन डाव्या कानाला लावते. आणि क्रिएटिनिन खाली आलंय, मला त्याचं जास्त समाधान आहे.

वेटिंग खूप आहे, दोन तास धरूनच जा, खुर्च्या पण कमी आहेत. तरी पाच स्टार. जुने ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचे रिपोर्ट) आणि आधी घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या, डॉक्टर एकेक कागद वाचतात.