ग्रोव्ह ऑफ टायटन्स: मुळांना धक्का न लावता नेणारी पायवाट

उत्तर कॅलिफोर्नियात, क्रेसेंट सिटीजवळच्या जेडेडाया स्मिथ रेडवुड्स स्टेट पार्कमध्ये ‘ग्रोव्ह ऑफ टायटन्स’ ही महाकाय रेडवुड वृक्षांची राई आहे. १९९८ मध्ये ती अभ्यासकांना सापडली, तेव्हा तिचा ठावठिकाणा जाणीवपूर्वक गुप्त ठेवण्यात आला. पुढे तो इंटरनेटवरून फुटला आणि अधिकृत वाट नसल्यामुळे लोक मिळेल तिथून आत शिरू लागले. नेचे तुडवले गेले आणि झाडांभोवतीची माती दबून घट्ट झाली. शंभर मीटरहून उंच वाढू शकणाऱ्या या वृक्षाची मुळे जेमतेम तीन-चार मीटर खोल जातात आणि आडवी दूरवर पसरतात. त्यामुळे बुंध्याला हात लावण्यासाठी पुढे टाकलेले प्रत्येक पाऊल थेट त्या मुळांवरच पडते.

२०२२ मध्ये खुल्या झालेल्या उंचावरील पायवाटेचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. जमिनीपासून वर उचललेल्या या वाटेचा पृष्ठभाग धातूच्या जाळीचा असल्याने पाऊस आणि उजेड खालच्या मातीपर्यंत पोहोचतो. मला सर्वांत आवडली ती तिची आखणी. वाट मोठ्या वृक्षांच्या इतक्या जवळून वळते की त्यांची साल, तिच्यावरचे शेवाळ आणि वर नाहीसा होणारा बुंधा निवांत न्याहाळता येतो, आणि खाली उतरण्याची गरजच वाटत नाही. नुसत्या मनाईच्या पाट्यांना हे साधले नसते. ही भूमी मुळात टोलोवा डी-नी या मूळनिवासी लोकांची. त्यांच्या सहभागातून झालेले माहितीफलकही थांबून वाचावेत असे आहेत.

हाउलंड हिल रोड हा तिथे नेणारा रस्ता कच्चा आणि अरुंद असून मोठ्या कॅम्पर गाड्यांसाठी योग्य नाही. गाड्या उभ्या करायला जागा थोडी आहे, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर पोहोचावे. पायवाटांवर कुत्र्यांना परवानगी नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील मराठी कुटुंबांनी एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करू नये. एका बाजूचाच प्रवास सहा-सात तासांचा आहे.

याच प्रवासात ‘हायपेरियन’ पाहण्याचा मोह अनेकांना होतो. २००६ मध्ये सापडलेला हा सुमारे ११६ मीटर उंचीचा रेडवुड वृक्ष जगातील सर्वांत उंच ज्ञात जिवंत वृक्ष आहे. मात्र त्याच्याकडे जाणारी अधिकृत वाट नाही. लोकांनी पाडलेल्या आडवाटांमुळे बुंध्याभोवतीची वनस्पती नष्ट झाली, म्हणून २०२२ मध्ये तो भाग बंद करण्यात आला. तिथे गेल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो. शिवाय पायथ्याशी उभे राहून त्याचा शेंडा दिसत नाही, त्यामुळे ज्या उंचीसाठी एवढी धडपड करायची, तीच नजरेत मावत नाही. उंच वृक्षांचीच ओढ असेल, तर रेडवुड नॅशनल पार्कमधील ‘टॉल ट्रीज ग्रोव्ह’ या राईसाठी आधी ऑनलाइन परवाना घ्यावा. तो मोफत मिळतो, पण रोज मोजक्याच गाड्यांना आत सोडतात, त्यामुळे तारीख ठरताच अर्ज करावा आणि उरलेला वेळ ग्रोव्ह ऑफ टायटन्ससाठी राखून ठेवावा.